नोंदींची रुजवात
अनेक संगणकांतील प्रती एकसारख्या कशा राहतात

एकच मजकूर दोन ठिकाणी लिहून ठेवला, की तो दोन्ही ठिकाणी बदलण्याचे काम मागे लागते. पूर्वी पेढीवर रोजकीर्द व खतावणी अशा दोन वह्या असत आणि ठराविक मुदतीने त्यांची रुजवात घालणे हे मुनिमाच्या कामांपैकी एक मोठेच काम असे. आज ज्याच्यापाशी कार्यालयात एक संगणक, घरी दुसरा आणि खिशात मोबाइल आहे, त्याच्या फाइलींच्या व पत्त्यांच्या तीन वह्या झाल्या आहेत. मुनीम मात्र राहिलेला नाही. त्याचे काम आज्ञावलीला करावे लागते, आणि ते वरवर दिसते तितके सोपे नाही.

प्रतीच होऊ न देणे हा ह्या प्रश्नावरील सर्वांत सरळ उपाय होय. त्याचे एक उदाहरण बंगळूर येथे सापडते. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ह्या कंपनीचे अभियंते ह्यांनी मिळून 'सिंप्युटर' नावाचा, हातात मावणारा संगणक तयार केला. २००१ साली त्याचे नमुने लोकांसमोर आले. एकेका माणसाला यंत्र घेणे परवडणार नाही, तेव्हा एकच यंत्र अनेकांनी आळीपाळीने वापरावे, अशी योजना होती. म्हणून प्रत्येकाची खाजगी माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डावर ठेवण्याची सोय केलेली होती. कार्ड ज्या यंत्रात घालावे, तेथे ती माहिती हजर होई. माहिती यंत्रात न राहता माणसाबरोबर फिरू लागली, की जुळवाजुळवीचा प्रश्नच उद्भवत नाही; अर्थात कार्ड हरवले तर सारेच हरवते, हा त्यातील धोका उघड आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सने २००४ मध्ये 'अमिडा' ह्या नावाने हे यंत्र बाजारात आणले, परंतु अपेक्षेच्या मानाने ती फार थोडी खपली.

दुसरा उपाय म्हणजे अनेक प्रतींपैकी एकीलाच प्रमाण मानणे. कर्नाटक शासनाने 'भूमी' ह्या योजनेखाली राज्यातील सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी २००० सालच्या सुमारास संगणकावर घेतल्या. आपल्याकडील सातबारासारखा तेथील उतारा 'पहाणी' ह्या नावाने ओळखला जातो. तो पूर्वी गावचा लेखापाल हाताने लिहून देई. संगणकावर एक नाव आणि हस्तलिखित उताऱ्यावर दुसरे, असे झाले तर शेतकऱ्याचे कर्ज अडते, प्रसंगी जमिनीचा तंटा न्यायालयात जातो. म्हणून ज्या तालुक्यातील नोंदी संगणकावर आल्या, तेथील हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. हा निर्णय यंत्राचा नव्हे, कारभाराचा होता. तो घेतला नसता तर संगणकामुळे गोंधळ कमी न होता वाढलाच असता.

परंतु ज्याला आगगाडीत किंवा जाळे पोहोचत नाही अशा ठिकाणी काम करावयाचे आहे, त्याला स्वतंत्र प्रती ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. खरी अडचण येथून सुरू होते.

१९९६ साली निघालेल्या 'पाम पायलट' ह्या खिशातील यंत्रात एक सुटसुटीत युक्ती होती. एखाद्या पत्त्यात बदल झाला, की त्या नोंदीवर खूण होई. यंत्र मेजावरील संगणकाला जोडले, की केवळ खुणा असलेल्या नोंदींची देवघेव होऊन खुणा पुसल्या जात. दोन वह्या असेपर्यंत ही युक्ती निर्दोष आहे. तिसरी वही आली की ती कोलमडते. समजा, खिशातील यंत्रात एक दूरध्वनी क्रमांक बदलला आणि ते कार्यालयातील संगणकाला जोडले. बदल तेथे पोहोचला, खूण पुसली गेली. संध्याकाळी तेच यंत्र घरच्या संगणकाला जोडले, तर त्यावर खूणच नाही. घरचा जुना क्रमांक तसाच राहणार. म्हणून यंत्र निराळ्या संगणकाला जोडले गेल्यास खुणांवर न विसंबता एकूण एक नोंद ताडून पाहावी लागे. हे काम बिनचूक खरे, पण संथ.

बदलाची वेळ टिपून ठेवावी आणि नंतरचा बदल खरा मानावा, असे कोणीही सुचवील. ह्यात दोन दोष आहेत. एक तर सर्व संगणकांची घड्याळे सारखी चालत नाहीत. दहा मिनिटे पुढे असलेल्या घड्याळाचा संगणक नेहमीच जिंकेल. दुसरे असे, की नंतर लिहिणाऱ्याने आधीचा बदल पाहिलेलाच नसेल, तर त्याचे लिखाण वरचढ का ठरावे? लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले, की येथे घड्याळातील वेळेपेक्षा कोणती घटना कोणत्या घटनेच्या आधारे घडली, हे महत्त्वाचे असते. त्याच विचारातून पुढे प्रत्येक नोंदीसोबत आकड्यांची एक लहान मालिका ठेवण्याची पद्धत आली. कोणत्या यंत्रावर तिच्यात किती वेळा बदल झाला, ते ही मालिका सांगते.

एका प्रतीवर 'कार्यालय ३, घर २, मोबाइल १' आणि दुसरीवर 'कार्यालय ३, घर १, मोबाइल १' असे आकडे असतील, तर पहिल्या प्रतीत दुसरीतील सर्व बदल आलेले आहेत. ती निःशंकपणे घ्यावी. परंतु एकीवर 'कार्यालय ३, घर १' आणि दुसरीवर 'कार्यालय २, घर २' असे असेल, तर दोघांनी परस्परांना न विचारता लिहिले आहे. अशा वेळी प्रामाणिक आज्ञावली दोन्ही प्रती राखून ठेवते आणि निवड माणसावर सोपवते. पुष्कळशा आज्ञावली हा त्रास वाचवण्यासाठी एक प्रत गुपचूप टाकून देतात. ही सोय फार महाग पडू शकते.

खोडलेल्या नोंदीची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. कार्यालयात एक पत्ता काढून टाकला. घरी तो आहे. रुजवात घालताना आज्ञावलीला काय दिसते? एका बाजूस नोंद आहे, दुसऱ्या बाजूस नाही. ती नवी लिहिली गेली की जुनी खोडली गेली, हे नुसत्या अभावावरून कळणे अशक्य, आणि मग काढलेला पत्ता पुन्हा अवतरतो. ह्यावरील उपाय महसूल खात्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सातबारावरील जुने नाव खरवडून न काढता त्यास कंस केला जातो आणि फेरफाराचा क्रमांक लिहिला जातो. संगणकातही नोंद खोडली, की 'ही खोडली आहे' असे सांगणारी छोटी नोंद मागे ठेवतात आणि ती सर्व यंत्रांना कळेपर्यंत पुसत नाहीत.

मोठ्या फाइलींच्या बाबतीत पाठवणीचा खर्चही पाहावा लागतो. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस ह्यांनी १९९६ साली 'आरसिंक' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तीत फाइलीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरून एक छोटी संख्या काढतात; दोन्ही टोकांच्या संख्या ताडल्या, की न जुळणारा भागच तेवढा पाठवावा लागतो.

पत्त्यांची अडचण निराळी. बंगळूरसारख्या शहरात एकाच गृहस्थाचे नाव मोबाइलमध्ये मराठीत, कार्यालयात इंग्रजीत आणि घरी कन्नडमध्ये लिहिलेले असू शकते. यंत्राच्या दृष्टीने ती तीन माणसे होत. उलट 'कुलकर्णी' हे आडनाव दोनदा आले म्हणून दोन नोंदी एक करणे त्याहून घातक. म्हणून नोंदीची ओळख नावावरून न ठरवता तिला प्रारंभीच एक कायमचा क्रमांक देतात. नाव, लिपी, पत्ता काहीही बदलले तरी तो बदलत नाही.

शेवटी एक गैरसमज दूर केला पाहिजे. तीन यंत्रांत एकसारख्या प्रती आहेत म्हणजे माहिती सुरक्षित आहे, असे पुष्कळांना वाटते. चुकून पुसलेली फाइल पुसली गेल्याची वार्ताही ही व्यवस्था तितक्याच तत्परतेने तिन्ही ठिकाणी पोहोचवते. म्हणून ठराविक दिवशी काढलेली एक प्रत ह्या साखळीला न जोडता वेगळी ठेवावी लागते.