आयतीची चौकट घरीच जोडू या

आपल्या बहुतेक घरांत दारासमोरच्या भिंतीवर आयतुल कुर्सीची तसबीर असते. हल्ली ती बाजारातून चौकटीसकट येते. सोनेरी कागद चढवलेला लाकडाच्या भुशाचा बोर्ड आणि कोपऱ्यांत ठोकलेल्या पिना. भिवंडीचे दोन पावसाळे गेले की बोर्ड फुगतो, कोपरे उघडतात आणि एक दिवस काच खाली येते. मग घरात प्रश्न पडतो : आयत लिहिलेली ही वस्तू टाकायची कुठे? कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून ती माळ्यावर जाते. आम्हाला वाटते, मुळात दुरुस्त करता येईल अशी चौकट असावी. तसा सांधा आपल्या हातांनी जमण्यासारखा आहे.

भिवंडीला लाकूडकाम नवे नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात केली, ती याच खाडीच्या परिसरात. पुढे विणकरांचे हातमाग आले, त्यांचे सांगाडेही लाकडीच. आता यंत्रमागांच्या जोडीला गोदामे आहेत आणि गोदामांतले पाईनचे मोडके पॅलेट भंगारात स्वस्तात मिळतात. चौकटीला ते चालते. फक्त परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, तो पाहावा. त्यात ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरे असली तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले असते. ‘एमबी’ असेल तर विषारी वायू वापरलेला असतो, ते घेऊ नये. पाडलेल्या घराच्या दाराचे जुने सागवान मिळाले तर फारच उत्तम.

कोपऱ्यावर दोन तिरपे काप जुळवून केलेली चौकट दिसायला छान, पण तिथे लाकडाची टोके एकमेकांना भिडतात आणि टोकाला सरस नीट धरत नाही. शिवाय लाकूड दमट हवेत रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे तिरपा सांधा उघडतो. अर्धी जाडी कापून एकावर एक बसवलेल्या सांध्यात मात्र लाकडाची सपाट बाजू सपाट बाजूवर बसते आणि पकड मोठी मिळते.

ए-फोर आकाराच्या कागदासाठी ४० मिमी रुंद आणि १८ मिमी जाड अशा चार पट्ट्या रंधून घ्या. दोन ३६७ मिमी लांब, दोन २८० मिमी. प्रत्येक टोकाला ४० मिमी लांबीपर्यंत अर्धी, म्हणजे ९ मिमी जाडी काढायची आहे. लांब पट्ट्यांची वरून, आखूड पट्ट्यांची खालून. गुण्या लावून रेघ पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने ओढा. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवा आणि उरलेले पटाशीने साफ करा. पटाशी धरताना दुसरा हात नेहमी धारेच्या मागे. मुलांना हे पहिल्या दिवशी शिकवावे.

आधी सरस न लावता चारही कोपरे बसवून पाहा. मग सरस लावून दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे, साधारण ४६२ मिमी भरले की चौकट काटकोनात आहे. सरस वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्यात बारीक भोक पाडून बांबूची खुंटी ठोका. मागच्या बाजूला आतल्या कडेपासून ६ मिमी सोडून बारीक पट्ट्या चिकटवल्या की काच, कागद आणि पुठ्ठा बसायला खाच तयार. पुठ्ठा स्क्रूने धरून ठेवा, म्हणजे काच फुटली तरी आयत काढून पुन्हा लावता येईल.

मस्जिद-ए-अक्सातला मिंबर असाच लाकडात लाकूड गुंतवून केलेला होता. सुलतान नूरुद्दीन यांनी तो हलबमध्ये घडवून घेतला आणि ११८७ नंतर सलाहुद्दीन अय्यूबी यांनी तो अक्सात बसवला. २१ ऑगस्ट १९६९ रोजी लावलेल्या आगीत तो जळाला. जॉर्डनमध्ये कारागिरांनी हजारो तुकडे खिळ्यांशिवाय गुंतवून त्याची प्रतिकृती केली, ती २००७ साली तिथे बसवली गेली. जळालेले पुन्हा घडवता आले, कारण सांध्याची विद्या हातांत जिवंत ठेवणारे लोक होते.

आपल्याकडे सुतारकामाला कमी लेखणारेही आहेत. त्यांना आठवण करून द्यावी की हजरत जकरिया (अ.) सुतार होते, असे सहीह मुस्लिमच्या हदीसमध्ये आले आहे. सुट्टीत मुलामुलींच्या हाती मोबाईलऐवजी एकदा गुण्या देऊन पाहा. पहिली चौकट थोडी वाकडी होईल, दुसरी सरळ येईल. माळ्यावर ठेवलेली आयत काढून तिच्यात बसवा. पुढे कधी कोपरा हलला तर तीच मुले तो दुरुस्त करतील.