ठसका लागणारे तेल आणि त्याचा भाव
क्रीट बेटावरील जैतूनच्या व्यापाराची एक पाहणी

तेल चांगले की वाईट, हे ओळखायचे कसे? ग्रीसच्या क्रीट बेटावर एका तेल गिरणीच्या मालकाला आम्ही हा प्रश्न विचारला. त्याने काही न बोलता निळ्या काचेचा छोटा पेला आमच्या हाती दिला. आत मोठा चमचाभर जैतूनचे ताजे तेल होते. आम्ही घोट घेतला, गिळला आणि लगेच जोराचा ठसका लागला. मालक खूष झाला. ठसका लागतो तेच तेल खरे, असे त्याचे म्हणणे.

हेराक्लिओन शहराच्या दक्षिणेस पेझा आणि आर्खानेस ही गावे आहेत. जैतून आणि द्राक्ष ही इथली दोन मुख्य पिके. वाटेवरच क्नोसोसचा प्राचीन राजवाडा लागतो. त्याच्या कोठारांत माणसाच्या उंचीचे तेलाचे रांजण आजही उभे आहेत. म्हणजे तेलाचा व्यापार इथे साडेतीन हजार वर्षांचा जुना. नवा आहे तो पाहुण्यांना गिरणी आणि द्राक्षबाग दाखवून चव चाखवणाऱ्या सहलींचा धंदा.

चव घेण्याची रीत

पेला निळा का, तर तेलाचा रंग दिसू नये म्हणून. हिरवे तेल चांगले आणि पिवळे हलके, हा समज खोटा आहे. पेला तळहातात धरून, वर झाकण ठेवून तेल थोडे कोमट करायचे. तपासनीस मंडळी २८ अंश तापमान धरतात. मग झाकण काढून वास घ्यायचा. ताज्या गवताचा, कच्च्या टोमॅटोच्या पानाचा वास आला तर फळ ताजे होते असे समजावे. नंतर छोटा घोट घेऊन दातांतून हवा आत ओढायची आणि तेल गिळायचे. जिभेवर कडवटपणा आणि घशात झोंबणे, हे दोन्ही गुण मानले जातात. घशात झोंबणारा पदार्थ ओलिओकँथल होय. तो शरीरात आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधासारखे काम करतो, असे शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले.

दोष ओळखण्यासाठी मालकाने दुसरा पेला दिला. त्याला खवट वास होता. तिसऱ्याला आंबूस. फळे पोत्यांत दिवसेंदिवस पडून राहिली की असा वास येतो, असे त्याने सांगितले. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवणाऱ्या तेलात असा एकही दोष चालत नाही, आणि आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त असून भागत नाही. युरोपात १९९१ पासून प्रयोगशाळेच्या जोडीला प्रशिक्षित चाखणाऱ्यांचा निकालही कायद्याने धरला जातो.

टँकर आणि बाटली

आता व्यवहाराचे बोलू. ग्रीसच्या तेलाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे टँकरमधून घाऊक भावाने इटलीला जात आला आहे. तेथे ते इतर तेलांत मिसळून बाटलीत भरले जाते आणि इटालियन ब्रँडच्या नावाने जगभर विकले जाते. कष्ट क्रीटच्या शेतकऱ्याचे, नफा बाटलीवाल्याचा. चाखण्याच्या सहलीचे गमक इथे आहे. ज्या पाहुण्याने एकदा ठसका अनुभवला तो गावाचे नाव छापलेली बाटली जास्त दाम देऊन घेतो, आणि घरी गेल्यावर पुन्हा मागवतो. मधला दलाल गळतो.

अडचणीही आहेत. पाहुणे येतात उन्हाळ्यात आणि गिरणी चालते साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. ऑगस्टमध्ये येणाऱ्याला बंद यंत्रे आणि आठ महिन्यांचे तेल मिळते. विमानात किती बाटल्या न्याव्यात यालाही मर्यादा असते. म्हणून टँकर अजून थांबलेला नाही. आम्ही मुद्दाम नोव्हेंबरात गेलो होतो.

द्राक्षांची गोष्ट

सहलीचा दुसरा थांबा वाइनच्या तळघराचा होता. तेथे आम्ही बाहेरच बसलो. यजमानांनी आग्रह न करता द्राक्षरस आटवून केलेला काकवीसारखा पाक, पेतिमेझी, आणि मनुका पुढे ठेवल्या. या सुलतानी मनुकांमागे एक इतिहास आहे. १९२३ च्या लोसान करारानुसार क्रीटच्या मुसलमानांना बेट सोडून तुर्कस्तानात जावे लागले. त्यांतले बरेच आयवालिकच्या जैतूनच्या पट्ट्यात वसले. उलट अनातोलियातून आलेल्या ग्रीक निर्वासितांनी क्रीटमध्ये सुलतानी द्राक्षाची लागवड वाढवली. माणसे उखडली गेली, पण दोन्हीकडे हातचा हुन्नर सोबत गेला. हेच द्राक्ष आपल्याकडे थॉम्पसन सीडलेस या नावाने ओळखले जाते. तासगाव-सांगलीचा बेदाणा त्याच कुळातला.

आपल्या वाचकांसाठी

रमजानच्या दिवसांत आपल्याकडे जैतूनच्या तेलाची मागणी वाढते. कुरआनात या झाडाला मुबारक म्हटले असल्याने ग्राहक श्रद्धेने घेतो, आणि बाटलीवर जैतूनचे चित्र पाहून समाधान मानतो. येथे सावध राहावे. बाटलीवर 'पोमेस' लिहिले असेल तर ते चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध केलेले तेल होय. 'एक्स्ट्रा लाइट' म्हणजे कमी चरबीचे नव्हे, तर शुद्धीकरणात वास आणि चव गेलेले. तळणाला ते चालेल, पण एक्स्ट्रा व्हर्जिनच्या दराने घेऊ नये. स्पेनमधील २०२२ व २०२३ च्या दुष्काळाने भाव विक्रमी चढले होते. अशा वेळी भेसळीचा मोहही वाढतो.

विकत घेताना गडद काचेची बाटली, हंगामाचे वर्ष आणि मूळ देश पाहावा. घरी आल्यावर चमचाभर तेल नुसतेच चाखावे. खवट लागले तर दुकानदाराला परत दाखवावे. विक्री करणाऱ्या आपल्या बांधवांनीही दुकानात एक बाटली उघडी ठेवून ग्राहकाला चव द्यावी. मुबारक झाडाचे नाव सांगून चोथ्याचे तेल विकणे ही तिजारत नव्हे. ज्याचा माल खरा आहे, त्याने ग्राहकाच्या ठसक्याला भिण्याचे कारण नाही.