किल्ली कपाटात, कपाटाला कुलूप

अपडेट झाले, मशीन रीस्टार्ट केले, आणि नेहमीच्या लॉगिनऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उभी राहिली: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस’. काही लॅपटॉपांवर सोबतीला कॅप्स लॉकचा दिवाही लुकलुकू लागतो. ‘पॅनिक’ हा शब्दच असा, की वाचणाऱ्याने पुढचे न वाचता घाबरून जावे. पण लिनक्स वापरणाऱ्याला दिसू शकणाऱ्या संदेशांत याच्याइतका नेमका संदेश विरळा. कर्नल सांगत असतो, मी पोहोचलो आहे, जागा आहे, मात्र ज्या डिस्कवर संसार मांडायचा ती मला दिसत नाही. म्हणजे निदानाचा अर्धा भाग रोग्यानेच करून दिला. तरी बघणारा म्हणतो, ‘नवा कर्नल खराब आला.’ हा आळ बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर येतो, असे माझे म्हणणे आहे. कर्नलच्या अपडेटनंतर मशीन उठत नाही, तेव्हा बहुधा कर्नल ठीक असतो. निखळलेला असतो तो सांधा, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती सूत्रे सोपवण्याची जागा. दुरुस्तीची सगळी दिशा या एका समजुतीवर ठरते.

असे सांधे किती आहेत ते पाहू. बटण दाबल्यावर प्रथम जागे होते ते मदरबोर्डवरचे फर्मवेअर, हल्लीच्या यंत्रांत यूईएफआय. ते डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनमधून बूटलोडर उचलते. सिक्युअर बूट चालू असेल तर मध्ये ‘शिम’ नावाचा एक सही तपासणारा दारवान बसतो. मग ग्रब हा बूटलोडर येतो. तो कर्नल (फौजेतल्या कर्नलशी याचा संबंध नाही, हा संगणकाचा गाभा) आणि त्यासोबत इनिट्रामएफएस नावाचे एक गाठोडे मेमरीत आणून ठेवतो. हे गाठोडे का लागते, हे या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर कोडे आहे. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आहे डिस्कवर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ती उघडणारा प्रोग्रॅमही तिच्याच आत. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप! म्हणून कामापुरते ड्रायव्हर आणि अवजारे आधीच बांधून कर्नलच्या हाती देतात. त्यांच्या आधारे कर्नल खरी डिस्क उघडतो, पहिल्या क्रमांकाची प्रोसेस सुरू करतो (आज बहुतेक ठिकाणी सिस्टमडी) आणि तिथून पुढे नेहमीचा संसार. हे गाठोडे बहुतेक डिस्ट्रिब्युशन्समध्ये कर्नलच्या पॅकेजबरोबर तयार होऊन येत नाही. ते तुमच्याच मशीनवर, अपडेटच्या वेळी बांधले जाते. गडबडीचे मूळ शोधताना पहिला संशय इथेच घ्यावा.

कारण बांधायला जागा लागते. एन्क्रिप्शन निवडले की अनेक इन्स्टॉलर बूटसाठी वेगळे, लहानसे पार्टिशन काढतात. जुने कर्नल तिथे साठत जातात, आणि ग्राफिक्सचे फर्मवेअर आत शिरू लागल्यापासून गाठोडेही फुगत गेले आहे. जागा संपली की गाठोडे अर्धवट बांधले जाते किंवा बांधलेच जात नाही, आणि नवा कर्नल रिकाम्या हाताने उभा राहतो. वर सांगितलेली ओळ बहुधा त्याचीच. दुसरा सांधा बाहेरच्या मॉड्यूलांचा. लिनस टोरवाल्ड्स यांचा एक नियम प्रसिद्ध आहे: कर्नल बदलला म्हणून वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम मोडता कामा नये. पण हे वचन बाहेरच्यांसाठी आहे. कर्नलच्या आतली रचना कधीही बदलेल, तिथे स्थैर्याची अपेक्षा ठेवू नका, असे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्याच दस्तऐवजात स्वच्छ लिहून ठेवले आहे. कर्नलच्या मूळ झाडात नसलेली मॉड्यूले, उदाहरणार्थ व्हर्च्युअलबॉक्सची किंवा एनव्हिडियाची, म्हणूनच प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावी लागतात. हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था गुपचूप करते, आणि फसते तेव्हाही बहुधा गुपचूपच फसते. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या मॉड्यूलावर नोंदवलेल्या किल्लीची सहीही लागते. ती किल्ली नोंदवण्याचा निळा पडदा एकदाच येतो आणि तो काय विचारतो हे न कळल्याने अनेक जण ‘पुढे चला’ म्हणतात. परिणाम काळा पडदा. पण हे मशीन मेलेले नसते, फक्त आंधळे असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबले की बहुधा अक्षरी लॉगिन समोर येते.

हे केवळ घरगुती मशीनपुरते नाही. गेल्या काही वर्षांतल्या गाजलेल्या घटना पाहिल्या तरी सांधाच दिसतो. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ ही त्रुटी जाहीर झाली. तिच्यावरचे उपाय घेऊन रेड हॅटने ग्रब, शिम आणि कर्नल यांचे अपडेट एकत्र सोडले, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स व सेंटओएसवरची कित्येक यंत्रे रीस्टार्टनंतर उठलीच नाहीत. दोष कर्नलमध्ये नव्हता, बूटलोडरच्या टप्प्यात होता. सुधारित पॅकेजे काही दिवसांत आली, पण बंद पडलेल्या मशीनला अपडेट घेता येत नाही, ही यातली खरी मेख. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च आणि तिच्यावर आधारलेल्या डिस्ट्रिब्युशन्समध्ये ग्रबचे पॅकेज पुढे गेले, डिस्कवर बसवलेला ग्रब जुनाच राहिला, आणि नवी कॉन्फिगरेशन फाइल जुन्या ग्रबला वाचता येईना. ऑगस्ट २०२४ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटने जुने शिम अविश्वासू ठरवले. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना ‘काहीतरी गंभीर बिघडले आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसू लागला. तीनही वेळा कर्नलपर्यंत सूत्रे नीट पोहोचलीच नव्हती.

यावर कोणी म्हणेल, हा कर्नलचा वकीलनामा झाला, कर्नल काय चुकतच नाही? चुकतो, आणि भयंकर चुकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५.१९.१२ या कर्नलमुळे इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपांचे पडदे लुकलुकू लागले. पॅनेलच्या वीजपुरवठ्याचा क्रम चुकल्याने पडदा कायमचा बिघडण्याचा धोका होता आणि तातडीने ५.१९.१३ काढावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ मध्ये ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमवरचा डेटा बिघडवणारी त्रुटी सापडली. डेबियनने १२.३ ही आवृत्ती रोखून दुसऱ्याच दिवशी १२.४ काढली. पण या दोन्ही प्रसंगी यंत्रे सुरळीत सुरू होत होती. घात झाला तो सुरू झाल्यानंतर. न उठणारे मशीन ही त्या मानाने सुखाची आपत्ती आहे, कारण त्यात डेटा बहुतेक वेळा जिथल्या तिथे असतो. नव्या कर्नलमुळे एखादे विशिष्ट यंत्रच सुरू होत नाही असेही घडते, हे मान्य. पण त्या निष्कर्षाला सर्वांत शेवटी पोहोचावे, आणि तो तपासण्याचीही पक्की रीत आहे. दोन आवृत्त्यांमध्ये चौदा हजार बदल असतील तर दर वेळी निम्मे बाजूला काढत चौदाएक फेऱ्यांत दोषी बदल सापडतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नको. ‘शेवटचे काय दिसले’ हे विचारावे. फर्मवेअरचा लोगो दिसून पुढे काहीच नाही, किंवा सहीबद्दलची तक्रार दिसली, तर कर्नलचा विचार सोडून शिम आणि ग्रबकडे वळावे. ग्रबचा मेनू येत असेल तर अर्धी लढाई जिंकली. तो अनेकदा लपवलेला असतो, सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून काढावा लागतो. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली जुना कर्नल असतो. तो निवडून मशीन उठले, तर एका झटक्यात सिद्ध होते की डिस्क, फाइल सिस्टिम आणि फर्मवेअर धडधाकट आहेत. मग बूट पार्टिशनमधली जागा पाहावी, अर्धवट राहिलेली पॅकेजे पुरी करावीत, नव्या कर्नलचे गाठोडे पुन्हा बांधावे, आणि त्याआधी फसलेल्या बूटची नोंद जर्नलमध्ये वाचावी. नोंदच नसेल तर तोही पुरावाच. मशीन डिस्कवर लिहिण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेच नाही, असा त्याचा अर्थ. जुना कर्नलही उठत नसेल तर मेनूतल्या ओळीवर ई दाबून ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडावेत. शोभेचा पडदा दूर होतो आणि पाठीमागचे बोलणे दिसू लागते. या शोभेच्या पडद्यांनी केलेले नुकसान कोणी मोजले नाही. ग्राफिक्सच्या आड पॅनिकचा मजकूर दिसतच नसे. तो दाखवण्याची सोय जुलै २०२४ च्या ६.१० कर्नलमध्ये आली. मेनूही येत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हने मशीन सुरू करून, आतली पार्टिशने जोडून, सीएचरूटने त्या निजलेल्या सिस्टिमच्या आत शिरावे आणि तीच कामे तिथून करावीत.

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा नवे इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात होते, हा आक्षेप व्यवहारी आहे आणि डेटा वेगळा ठेवलेला असेल तर मी त्याला फार विरोध करणार नाही. मात्र त्यात पुरावा पुसला जातो. बूट पार्टिशन पुन्हा तेवढेच लहान आखले, किल्ली पुन्हा नोंदवली नाही, तर काही महिन्यांनी तीच ओळ तशीच पडद्यावर येईल. दुसरा सल्ला अपडेटच न करण्याचा. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण ‘डर्टी काऊ’ ही त्रुटी २००७ पासून कर्नलमध्ये होती, २०१६ मध्ये बुजवली गेली. साध्या वापरकर्त्याला तिच्या आधारे मशीनचा मालक होता येत असे. २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ने तोच धडा गिरवला. अपडेट टाळणे म्हणजे कडी नादुरुस्त आहे म्हणून दार उघडे टाकणे.

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. शिफ्ट दाबा, मेनू शोधा, जुना कर्नल निवडा, हे सामान्य माणसाने का करावे? लिनक्सचाच कर्नल अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि फोनचा मालक ग्रबचे नावही न ऐकता आयुष्य काढतो. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून दुहेरी मांडणीची सोय आहे: चालू प्रणाली एका कप्प्यात, नवी दुसऱ्यात, आणि नवी उठली नाही तर फोन आपणहून जुन्या प्रणालीकडे परततो. ओपनसूसेने बीटीआरएफएसच्या स्नॅपशॉटमधून, फेडोरा सिल्वरब्लूने संपूर्ण प्रणालीच मागे फिरवून जुन्याकडे परतण्याची वाट दिली आहे, जरी ती निवड बहुधा माणसानेच करायची असते. इतर डेस्कटॉप डिस्ट्रिब्युशन्स अर्ध्यावर थांबली आहेत. मागचे बूट फसले हे उबुंटूच्या आणि फेडोराच्या ग्रबला कळते, पण कळून ते करतात काय, तर मेनू दाखवतात. निवड माणसाने करायची. दुहेरी मांडणीला जागा जास्त लागते आणि हवे ते मॉड्यूल हवे तिथे कोंबण्याचे स्वातंत्र्य आक्रसते, ही या डिस्ट्रिब्युशन्सची सबब पोकळ नाही. तरी फसलेला कर्नल मागे सारून जुना पुढे आणायला एवढी मोठी मांडणीही लागत नाही. सिस्टमडीच्या बूटलोडरमध्ये ही सोय डिसेंबर २०१८ पासून आहे आणि ती चकित करण्याइतकी साधी आहे. नव्या कर्नलच्या नोंदीच्या फाइलनावातच अधिक तीन असे लिहायचे, म्हणजे तीन संधी. प्रत्येक प्रयत्नाला आकडा एकाने घटतो. शून्य झाला की ती नोंद यादीच्या तळाशी जाते आणि जुना कर्नल आपोआप वर येतो. मशीन धड उठले तर एक छोटा प्रोग्रॅम तो आकडा नावातून पुसून टाकतो. त्याचे नाव ‘ब्लेस बूट’, म्हणजे बूटला आशीर्वाद.