बराखीतला आंबूस वास

पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या मंचर, ओतूर, आळेफाट्याच्या आसपास कुठल्याही वस्तीवर गेलात, की घराशेजारी कांद्याची बराख, म्हणजे साठवणीची चाळ, दिसते. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, शेतात पातीसकट सुकतो, मान कापून सावलीत आणखी काही दिवस राहतो आणि मग बराखीत जातो. भाव चढेपर्यंत, कधी थेट दिवाळीपर्यंत, तो तिथंच. या मधल्या महिन्यांत बराखीशी ज्यांचा रोजचा संबंध, ती माणसं तिथं पाऊल टाकताच आधी हुंगतात. आंबूस वास आला, की त्या दिवसाचं बाकीचं काम बाजूला राहतं.

तो वास नेमकं काय सांगतो, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. अख्ख्या, निरोगी कांद्याला जवळजवळ वासच नसतो! आपण ज्याला कांद्याचा वास म्हणतो तो कांदा चिरल्यावर तयार होतो. पेशीच्या एका भागात गंधकयुक्त अमिनो आम्लं असतात आणि दुसऱ्या कप्प्यात त्यांना फोडणारं अ‍ॅलिनेज नावाचं विकर. सुरी फिरली, कप्पा फुटला, की दोघांची गाठ पडते आणि क्षणार्धात उग्र द्रव्यं हवेत जातात. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या द्रव्यासाठी तर आणखी एक स्वतंत्र विकर लागतं, ते जपानी संशोधकांनी 2002 साली शोधून काढलं. तेव्हा बंद बराखीत, जिथं कुणी काहीच चिरलेलं नाही, तिथं वास सुटला याचा अर्थ आत कुठंतरी पेशी फुटत आहेत. जिवाणू त्या फोडत आहेत.

हे जिवाणूही वासावरून ओळखू येतात. काही प्रकारच्या मऊ सडीचा वास गंधकाचा, नाक मुरडायला लावणारा असतो. एक सड मात्र व्हिनेगरसारखी आंबट असते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर बर्कहोल्डर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कांद्यावर हा रोग अभ्यासून 1950 मध्ये त्याच्या जिवाणूचं वर्णन केलं. पुढं त्या जिवाणूच्या प्रजातीला त्यांचंच नाव मिळालं, बर्कहोल्डेरिया. या रोगात कांदा वरून धडधाकट दिसतो. आतली एखादीच पाकळी पिवळट, बुळबुळीत झालेली असते आणि कांदा दाबला की गाभा मानेतून सटकतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते इथं नाकाला कळतं. काळी बुरशी, म्हणजे काजळी, मात्र वासाआधी डोळ्यांना दिसते.

आपलं नाक या कामाला किती तयार आहे पाहा. त्यात सुमारे 400 प्रकारचे गंधग्राही असतात. या ग्राहींच्या जनुकांच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना 2004 चं नोबेल मिळालं. गंधकाच्या काही संयुगांच्या बाबतीत तर हवेच्या शंभर कोटी रेणूंत त्यांचा एखाददुसरा रेणू असला तरी आपल्याला जाणवतो. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात मिसळतात ते मरकॅप्टन आणि कांद्याचा एक वास, दोघं जवळचे नातेवाईक आहेत.

पण हेच नाक लवकर थकतं. वास येत राहिला, की गंधपेशीत कॅल्शियम शिरतं आणि तेच पुढचे संकेत दाबून टाकतं. काही मिनिटांत वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो तिथंच असतो. म्हणून दिवसभर बराखीत निवड करणाऱ्या बाईपेक्षा बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाचा पहिला श्वास जास्त खरा. वास शोधायचा असेल तर सकाळी, वारा पडलेला असताना, मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबून मगच आत जावं.

तरीही वास जिथं येतो तिथं सड असेलच असं नाही. ढिगातली ऊबदार हवा वर चढते आणि वास सोबत नेते. सडका रस मात्र खाली झिरपतो. वास वरून, ओल खालून, आणि मूळ दोन्हींच्या मधे कुठंतरी! तिथं हात घातला की बहुतेकदा ऊब लागते, कारण सडताना उष्णता बाहेर पडते. तो कांदा काढायचा, रसानं भिजलेले त्याच्या भोवतीचेही काढायचे आणि लांब खड्ड्यात पुरायचे. बांधावर टाकले तर तिथूनच पुन्हा रोग पसरतो. अगरबत्ती किंवा फिनेल मला इथं घातक वाटतं, कारण त्यानं सूचना देणारा वासच झाकला जातो आणि सड आपली पुढं सरकत राहते.

खरा इलाज हवेचा. मंचरपासून जवळच, राजगुरुनगरला, कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे; तिथला सल्लाही हाच. तळाशी हवा शिरेल अशी उंचावरची चाळ, ढिगाची उंची पाच फुटांच्या आत, पूर्ण सुकून मिटलेली मान, या साऱ्या गोष्टी एकाच कारणासाठी: जिवाणूला लागणारी ओल राहू द्यायची नाही. जाड मानेचा, दुभाळका कांदा मिटत नाही. तो बराखीत भरूच नये, आधी विकावा.

आता यंत्रंही हुंगू लागली आहेत. लासलगावच्या कल्याणी शिंदे यांच्या ‘गोदाम इनोव्हेशन्स’नं साठवलेल्या कांद्याजवळचं तापमान, आर्द्रता आणि सडताना सुटणारे वायू मोजणारं उपकरण तयार केलं आहे. आंबट सड वायूंवरून ओळखता येते का, हे अमेरिकेतल्या जॉर्जियातही संवेदकांनी तपासून झालं आहे. यंत्र थकत नाही, रात्रीही जागं राहतं, हा त्याचा मोठा गुण. ढिगात हात घालून तो नेमका कांदा बाहेर काढणं मात्र अजून माणसाकडेच आहे.