अति म्हणजे किती?

आज १७ मे, जागतिक उच्च रक्तदाब दिन. रेल्वे स्थानकांवर, बँकांच्या शाखांत, सोसायट्यांच्या सभागृहांत बीपी मोजायची शिबिरं लागली आहेत. मीठ कमी खा, चाला, तंबाखू सोडा हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं आहे, म्हणून ते इथे पुन्हा लिहीत नाही. शिबिरातून निघालेला माणूस घरी जाऊन काय सांगतो, याकडे मला लक्ष वेधायचं आहे. तो सांगतो, “मला बीपी निघालं.”

बीपी तर प्रत्येक जिवंत माणसाला असतं. डॉक्टरांच्या कागदावर ‘हायपरटेन्शन’ लिहिलेलं असतं. त्यातला ‘हायपर’, म्हणजे अति, बोलण्यात गळून जातो. रक्तदाबाच्या बाबतीत हे खपून जातं, थायरॉइडच्या बाबतीत नाही. “मला थायरॉइड आहे” म्हणणाऱ्याला हायपर की हायपो असं विचारा, बरेचदा उत्तर येत नाही. दोन्हींचे उपचार मात्र एकमेकांच्या उलट आहेत. हायपोमध्ये लिव्होथायरॉक्सिन देऊन कमी पडलेलं संप्रेरक भरून काढतात, हायपरमध्ये कार्बिमाझोल देऊन ते बनणंच रोखतात. त्यात रिपोर्टवर टीएसएच वाढलेला दिसला की लोक हायपर समजतात. बहुतेक वेळा उलट असतं: थायरॉइड ग्रंथी कमी पडते, म्हणून पिट्युटरी तिला जास्त जोराने कामाला लावते आणि टीएसएच चढतो. परगावी अचानक नव्या डॉक्टरसमोर बसायची वेळ येते तेव्हा हे एवढं सांगता यायलाच हवं.

दिशा समजली तरी पुढचा प्रश्न उरतोच, आणि तो अधिक अवघड आहे. अति म्हणजे कितीच्या वर?

उपाशीपोटी साखर १०५ आली असं धरा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या लेखी हा माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, कारण त्यांनी २००३ साली ती रेघ ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने ती ११० वरच ठेवली आहे. तिच्या लेखी याच माणसाची साखर नॉर्मल. प्रत्यक्ष मधुमेहाची रेघही १९९७ पर्यंत १४० होती, ती १२६ झाली. तान्ह्या बाळाच्या काविळीत तर रेघ तासागणिक सरकते. जन्मानंतर २४ तासांनी बिलिरुबिन ८ असेल तर डॉक्टर सावध होतात. तेच ८ तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस असेल तर निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आईला सहसा धीर देतात. तासांप्रमाणे वाचायचा हा आलेख विनोद भुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडला.

रक्तदाबाची रेघ मात्र आधी नव्हतीच म्हटलं तरी चालेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नामांकित डॉक्टरांना वाटे की, कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला वाढीव दाबाची शरीराला गरजच असते. तो उतरवाल तर अपाय होईल. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या हृदयतज्ज्ञाने तपासलं, तेव्हा दाब १८६/१०८ होता. मीठ कमी करणं, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस, यापलीकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीचा आकडा ३००/१९० होता.

यानंतर चारच वर्षांनी उत्तराचा पहिला धागा मुंबईहून गेला, आणि आपल्याकडे त्याची पुरेशी आठवण ठेवली जात नाही याचं मला वाईट वाटतं. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयतज्ज्ञ. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे शतकानुशतकं सर्पदंशावर, वेडावर, निद्रानाशावर दिलं जात होतं. तिने रक्तदाब उतरतो हेही कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहून ठेवलं होतं. पण ‘उतरतो’ एवढ्यावर बाहेरच्या जगाने विश्वास ठेवावा कसा? वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा दिली, दाब आधी मोजला, नंतर मोजला, आणि ती निरीक्षणं १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ती वाट पुढे नेली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मूळ आपलं, अनुभव आपला. वकिलांनी त्याला मोजमापाची शिस्त दिली, आणि म्हणून ते जगाच्या उपयोगी पडलं.

हे रिसर्पिन पुढे निर्णायक ठिकाणी भेटतं. अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकाराने माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक चाचणी झाली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना रिसर्पिनसह तीन औषधं, निम्म्यांना बिनऔषधी गोळ्या. १९६७ साली निकाल छापून आला. बिनऔषधी गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषधाच्या गटात दोघांना. दाब उतरवला तर अपाय होईल ही समजूत त्या दिवसापासून टिकण्यासारखी राहिली नाही. रिसर्पिनने मन खचतं अशी तक्रार येत राहिली आणि पुढे अधिक सुसह्य गोळ्या आल्या, त्यामुळे आज ते फारसं कुणी लिहून देत नाही. पण रेघ कुठे ओढायची याची रीत तेव्हा ठरली: जिथून औषध देण्याचा फायदा न देण्यापेक्षा जास्त दिसतो, तिथून अति सुरू.

या रीतीनेच रेघ खाली येत गेली. २०१५ च्या ‘स्प्रिंट’ चाचणीत ९,३६१ जण होते. वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या आत आणायचं ठरवलेल्या गटात मृत्यू कमी झाले. २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संस्थांनी रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि, एकाही माणसाचा दाब न बदलता, तिथल्या उच्च रक्तदाबाच्या प्रौढांचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. युरोपने २०२४ मध्ये १४०/९० कायम ठेवलं, मात्र १२०/७० पासून वर ‘वाढलेला’ असा नवा गट केला.

रेघ खाली आणायला माझा विरोध नाही, त्यामागे पुरावा आहे. माझा आक्षेप मोजण्यावर आहे. स्प्रिंटमधले लोक पाच मिनिटं शांत बसत, पाठ टेकलेली, यंत्र आपोआप तीनदा मोजे. आपल्या शिबिरात माणूस जिना चढून येतो, रांगेत उभा राहतो, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधून घेतो आणि तेवढ्यात पत्ताही सांगत असतो. असा आलेला १३६ त्या रेघेला लावणं चूक आहे, आणि त्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करणं त्याहून चूक.

सरकारी पातळीवर हे नीट करता येतं. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. रेघ १४०/९०, औषधांच्या पायऱ्या ठरलेल्या, आणि गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात. तिथे नेम आणि सातत्य यांवर भर आहे, तोच मला बरोबर वाटतो.

आज शिबिरात जाणार असाल तर आधी पाच मिनिटं बसा. चहा आणि सिगारेट अर्धा तास आधी थांबवा, लघवीला जाऊन या, बाही वर करा, मोजताना बोलू नका. दोन्ही आकडे तारखेसह लिहून घ्या आणि जास्त आले तर काही दिवसांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, जीभ अडखळत असेल, तर मात्र दुसऱ्या मोजणीसाठी थांबू नका. तिथूनच थेट रुग्णालय गाठा.