केसांचे क्रीम का फुटते?

दोंडाईचा येथील आमच्या वस्तीतील तीन भगिनींनी केस बसविण्याचे क्रीम घरी करून पाहिले. सकाळी लोण्यासारखे दिसणारे क्रीम चौथ्या दिवशी फुटले. वर तेल, खाली पाणी. मिरची खुडण्याच्या मजुरीतून साठविलेले पैसे गेले. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. आम्ही कारण शोधायला बसलो.

तेल आणि पाणी आपणहून एकत्र राहत नाहीत. त्यांना धरून ठेवते ते इमल्सिफाइंग वॅक्स. शंभर ग्रॅम क्रीममध्ये २० ग्रॅम तेल असेल, तर हे मेण साधारण ५ ग्रॅम लागते. इथे ते चमच्याने, अंदाजे पडले होते. शिवाय तेल गरम आणि पाणी माठातले! थंड पाण्याने मेण थिजून कण्या होतात. तेल-मेण आणि पाणी वेगवेगळे ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवावे, एकत्र घोटावे, कोमट होईपर्यंत हलवत राहावे.

एका वेळी एकच बदल करावा व वहीत लिहावा. एक डबी घरात, दुसरी पत्र्याखाली महिनाभर ठेवावी; खानदेशच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बुरशी लागू नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह हवेच. विक्रीसाठी करायचे तर आधी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. भगिनींनी वजनकाटा आणला. दुसरा घाणा पत्र्याखाली महिनाभर टिकला. नजर कुणाचीच नव्हती. चूक मापाची होती.

जयभीम!