लेन्स आणि जोडभिंग यांची सोयरीक

सोयरीक करताना आपली वडीलमंडळी नुसते रूप पाहत नसत, घरची रीतभातही विचारीत. छायाचित्रणाचा नाद असलेल्यांनी टेलिकन्व्हर्टर घेताना हाच शिरस्ता पाळलेला बरा.

कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारे हे जोडभिंग. दुपटीचे लावले की ३०० मिलिमीटरची लेन्स ६०० ची होते आणि तळ्यापलीकडचे पाखरू जवळ येते. मात्र एफ/४ ची लेन्स एफ/८ ची ठरते, म्हणजे प्रकाश चौथाईच उरतो. १.४ पटीच्या जोडभिंगात तो निम्मा राहतो. एवढा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो. लेन्स फोकस कशी करते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

पुष्कळशा जुन्या लेन्समध्ये कडे फिरवले की सारा भिंगसंच पुढे सरकतो. अनंतावर फोकस केला म्हणजे तो सर्वांत मागे असतो. काही जोडभिंगांची पुढची काच लेन्सच्या पोटात शिरते. अशी जोडी जवळच्या अंतरावर बिनतक्रार बसली, तरी अनंताकडे नेताच काचेवर काच घासण्याचा धोका असतो. म्हणूनच निकॉनने १.४ पटीची दोन निराळी जोडभिंगे काढली होती : आखूड लेन्ससाठी टीसी-१४ए आणि ३०० मिलिमीटर व त्याहून लांब लेन्ससाठी, पुढे आलेल्या काचेचे टीसी-१४बी.

१९७० च्या दशकापासून लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये अंतर्गत फोकसची पद्धत रुळत गेली. तीत बाहेरची लांबी बदलत नाही. आतला लहानसा संच तेवढा सरकतो, त्यामुळे तोल सांभाळला जातो. पण अशा बऱ्याच लेन्सचे नाभ्यंतर जवळच्या फोकसला घटते आणि जोडभिंग त्या घटलेल्या आकड्यालाच गुणते. ज्या लेन्समध्ये मागचाच संच हलतो, तिथे शेवटची काच कोठवर मागे येते हे पाहणे प्राप्तच आहे.

जोडभिंगाचा एक मोठा गुण सांगावयास हवा. फोकसचे किमान अंतर बदलत नाही; तेवढ्याच अंतरावरून फुलपाखरू मोठे टिपता येते. अर्थात लेन्सचे दोषही त्याच पटीने मोठे होतात.

घरच्या कपाटात वडिलोपार्जित लेन्स असेल, तर तिच्यासाठी जोडभिंग आणण्यापूर्वी उत्पादकाची जुळणी-यादी अवश्य पाहावी. यादीत नाव नसेल, तर मोह आवरावा. पुढच्या काचेवरच्या ओरखड्यापेक्षा मागच्या काचेवरचा ओरखडा चित्रात अधिक जाचतो, आणि जुन्या लेन्सची काच बदलून मिळणे सोपे नसते.